मेंदूची गंभीर इजा आणि सत्तेच्या खुर्चीकडे परतण्याचा प्रश्न

एखादा मंत्री किंवा मुख्यमंत्री डोक्याला जबर मार लागून अथवा मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्णालयात दाखल होतो, कित्येक आठवडे त्याच्याविषयी केवळ वैद्यकीय पत्रके निघत राहतात, आणि मग एके दिवशी तो रुग्णालयाच्या दारात उभा राहून लोकांना हात करतो, चार वाक्ये बोलतो आणि गाडीत बसून निघून जातो. ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याच्या मनात आपोआप निष्कर्ष तयार होतो, की चालता येते, बोलता येते, माणसे ओळखता येतात, म्हणजे साहेब बरे झाले. याउलट बोलताना अडखळणारा, चाकांच्या खुर्चीत बसलेला नेता दिसला की आता याने घरी बसावे, असे त्याच्या चाहत्यांनाही वाटू लागते. मेंदूविज्ञानाने गेल्या शतकभरात जे दाखवून दिले आहे ते पाहता हे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात, आणि काही वेळा तर वस्तुस्थिती नेमकी उलटी असते. राज्यकारभाराला सर्वाधिक धोका निर्माण करणारे मेंदूचे दोष बहुधा बाहेरून दिसत नाहीत आणि ज्याला ते झालेले असतात त्यालाही जाणवत नाहीत.

थुरिंगियाचे मुख्यमंत्री

जर्मनीतील थुरिंगिया या राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री डीटर आल्टहाउस यांच्या प्रकरणात या प्रश्नाचे बहुतेक पदर एकत्र आलेले दिसतात. १ जानेवारी २००९ रोजी ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात बर्फाच्या उतारावर स्कीइंग करताना त्यांची एका महिलेशी टक्कर झाली आणि त्या महिलेचा मृत्यू झाला. आल्टहाउस यांनी हेल्मेट घातलेले होते, ते वाचले, परंतु त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि डॉक्टरांनी त्यांना काही दिवस औषधांच्या साहाय्याने मुद्दाम बेशुद्धावस्थेत ठेवले. शुद्धीवर आल्यावर त्यांना अपघाताची कोणतीही आठवण नव्हती. राज्याचा कारभार दरम्यान अर्थमंत्री बिर्गिट डीत्सेल पाहत होत्या. मार्च महिन्यात ऑस्ट्रियातील न्यायालयाने निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल आल्टहाउस यांना दोषी ठरवून ३३,३०० युरोंचा दंड केला, आणि त्याच महिन्यात, ते उपचारांसाठी दूर असतानाच, त्यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन या पक्षाने आगामी निवडणुकीतील आपला प्रमुख उमेदवार म्हणून त्यांची निवड केली. २० एप्रिलला, म्हणजे अपघाताला चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, ते पुन्हा कामावर रुजू झाले. ३० ऑगस्टच्या निवडणुकीत पक्षाची मते ४३ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर घसरली आणि ३ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

या पराभवाचे कारण त्यांच्या मेंदूची इजा होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका स्त्रीचा जीव गेला होता, न्यायालयाचा निकाल समोर होता, त्या अपघाताविषयी ते जाहीरपणे कसे बोलतात यावर टीका होत होती, आणि पक्षाविषयीची नाराजी हाही भाग होताच. दूर बसून कोणाच्या मेंदूचे निदान करता येत नाही आणि करूही नये. मात्र घटनाक्रमाकडे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. हा माणूस एवढ्यात एवढे काम पेलू शकेल का, या वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर मिळण्याआधीच पक्षाच्या गरजेने राजकीय उत्तर देऊन टाकले होते.

कवटीच्या आत काय घडते

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा, अतिशय मऊ असा अवयव असून तो कवटीच्या आत एका पातळ द्रवात तरंगत असतो. डोके वेगाने कशावर तरी आपटते तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर पुढे जात राहतो, कवटीच्या आतल्या भिंतीवर आदळतो आणि पुन्हा मागे येतो. कवटीचा तळ आतून गुळगुळीत नसतो, त्याला हाडांचे उंचवटे आणि कडा असतात. या कडांवर घासला जाणारा भाग प्रामुख्याने कपाळामागचा, ज्याला ललाट खंड म्हणतात तो, आणि कानशिलामागचा, म्हणजे शंख खंडाचा पुढचा टोकाकडील भाग असतो. मार डोक्याच्या कोणत्याही बाजूला बसला तरी हे दोन भाग पुन्हा पुन्हा दुखावलेले आढळतात, याचे कारण कवटीच्या या रचनेत आहे.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. मेंदूच्या पेशींपासून निघणारे लांबलचक तंतू मेंदूच्या एका भागातील माहिती दुसऱ्या भागाकडे पोहोचवतात. डोके झटक्याने वळते तेव्हा मेंदूचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या वेगाने सरकतात, त्यामुळे हे तंतू ताणले जातात, आणि त्यांतील पुष्कळसे त्याच वेळी किंवा पुढच्या काही तासांत तुटतात. ही इजा एका जागी नसते, ती मेंदूभर विखुरलेली असते. नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये ती फारशी दिसत नाही, म्हणून स्कॅन चांगला आहे आणि माणूस मात्र पूर्वीसारखा नाही, असा अनुभव कित्येक कुटुंबांना येतो.

पहिल्या आघातानंतर दुसरे संकट येते ते सुजेचे. कवटी फुगू शकत नाही, त्यामुळे आत सूज आली किंवा रक्त साचले की दाब वाढतो, आणि दाब वाढला की मेंदूला होणारा रक्तपुरवठा घटतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के वापरतो, म्हणून ही टंचाई त्याला काही मिनिटेही सोसवत नाही. हा दाब उतरवण्यासाठी शल्यचिकित्सक कवटीचा एक तुकडा काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठी काढून ठेवतात. अमेरिकी लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स आणि सिनेटर मार्क कर्क या दोघांवरही अशी शस्त्रक्रिया झाली होती. हृदय बंद पडल्यामुळे मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर काय होते, याचे भारतीय राजकारणातील अत्यंत दुःखद उदाहरण प्रियरंजन दासमुन्शी यांचे आहे. केंद्रीय मंत्री असताना ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते कोमातच राहिले.

लकवा किंवा अर्धांगवायूचा झटका म्हणून ओळखला जाणारा पक्षाघात अपघातापेक्षा वेगळ्या वाटेने येतो. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि ती ज्या भागाला रक्त पुरवत असते तो भाग मरतो. अपघातातील इजा विखुरलेली असते तर पक्षाघाताची इजा बहुधा एका भागापुरती असते, आणि म्हणूनच कोणता भाग गेला यावर माणसाचे पुढचे आयुष्य अवलंबून राहते.

> चौकट : इजा किती गंभीर, हे कसे ठरवतात?
>
> ग्लासगो कोमा स्केल : स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी जगभर वापरली जाते. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त १५. बेरीज ८ किंवा त्याहून कमी आली तर इजा गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य.
>
> आघातानंतरचा विस्मृतीचा काळ : अपघातापासून रोजच्या घटना सलग लक्षात राहू लागेपर्यंत गेलेला काळ. रुग्ण या काळात बोलत असतो, माणसे ओळखतो, पण सकाळी भेटून गेलेला माणूस त्याला दुपारी आठवत नाही. हा काळ एका दिवसाहून अधिक असेल तर इजा गंभीर आणि आठवड्याहून अधिक असेल तर अतिगंभीर मानतात. पुढे माणूस कितपत सावरेल याचा अंदाज या काळावरून बऱ्यापैकी बांधता येतो.

शाबूत बुद्धी, हरवलेला कारभार

ललाट खंडाचे काम समजून घेतल्याशिवाय राजकारण्याच्या परतीचा प्रश्न नीट कळत नाही. पाहणे, ऐकणे, शब्दांचा अर्थ लावणे, हात हलवणे ही कामे मेंदूचे इतर भाग पार पाडतात. त्यांपैकी कोणते केव्हा करायचे, कोणते तूर्त थांबवायचे, मनात आलेला शब्द तोंडातून बाहेर पडू द्यायचा की नाही, ठरवलेला बेत फसत असेल तर तो केव्हा बदलायचा, हे पाहणे ललाट खंडाकडे आणि त्याला जोडलेल्या तंतूंच्या जाळ्याकडे असते. या सर्व क्षमतांना मिळून कार्यकारी क्षमता असे नाव आहे. लग्नघरात आचारी, वाढपी, शिधा, भांडी सगळे जागच्या जागी आहे, पण भात केव्हा चढवायचा, पहिली पंगत केव्हा बसवायची आणि ऐनवेळी पन्नास पाने वाढली तर काय करायचे हे पाहणारा कारभारी मात्र आजारी पडला आहे, अशी अवस्था कल्पनेत आणली तर ललाट खंडाच्या इजेचे स्वरूप ध्यानात येते. प्रत्येकाला आपले काम येत असते, पण जेवणावळ कोलमडते.

अशा माणसाची स्मरणशक्ती, शब्दसंग्रह, गणित आणि सामान्यज्ञान उत्तम असू शकते. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये ललाट खंडाला इजा झालेल्या तीन व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुद्धिमापन चाचणीत या तिघांचे गुण सरासरीपेक्षा वरचढ होते. त्यांना बाजाराच्या रस्त्यावर नेऊन काही किरकोळ वस्तू विकत घेणे, काही माहिती मिळवणे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोहोचणे आणि हे सर्व करताना काही साधे नियम पाळणे एवढेच काम दिले, तेव्हा मात्र त्यांनी कामे अर्धवट सोडली, नियम मोडले आणि वेळेचे भान त्यांना राहिले नाही. शांत खोलीत, टेबलापलीकडे बसलेल्या परीक्षकाने एकेक प्रश्न विचारला तर त्यांना उत्तरे येत होती, कारण तिथे पुढे काय करायचे हे परीक्षकच सांगत होता.

राजकीय पदाचे काम त्या बाजाराच्या रस्त्यासारखेच, किंबहुना त्याहून कितीतरी गुंतागुंतीचे असते. एका सकाळी पाच शिष्टमंडळे येतात, त्यांतील दोघांच्या मागण्या परस्परविरोधी असतात, एक अधिकारी अर्धीच माहिती देतो, दुसरा खुशामत करतो, मध्येच फोन वाजतो, आणि संध्याकाळपर्यंत कोट्यवधी रुपयांच्या धोरणावर सही करायची असते. रागाला आवर घालणे, समोरचा खोटे बोलतो आहे हे ओळखणे, काल घेतलेली भूमिका आज चुकीची वाटली तर ती बदलणे, हे सगळे कार्यकारी क्षमतेचेच काम आहे. त्यात थकव्याची भर पडते. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा विश्रांतीने सहज उतरणारा नसतो. पूर्वी ज्या गोष्टी आपोआप होत त्यांच्यासाठी आता मुद्दाम लक्ष द्यावे लागते आणि दुपारपर्यंत ते लक्ष संपून जाते. अकरा वाजता सुसंगत बोलणारा माणूस चार वाजता गोंधळलेला किंवा चिडलेला दिसतो तो यामुळे.

राजकारण्याच्या बाबतीत आणखी एक फसवणूक संभवते. चाळीस वर्षे भाषणे केलेल्या माणसाला वाक्ये जुळवावी लागत नाहीत. कार्यकर्त्याच्या खांद्यावर हात ठेवणे, गावाचे नाव घेऊन विचारपूस करणे, ठरावीक टाळ्यांची वाक्ये फेकणे या गोष्टी इतक्या मुरलेल्या असतात, की मेंदूच्या इजेतूनही त्या बऱ्याच अंशी टिकून राहतात. नवी, अपरिचित परिस्थिती समोर येते तेव्हाच खरी कसोटी लागते. म्हणून भाषण ही परतलेल्या नेत्याची परीक्षा घेण्याची सर्वांत वाईट पद्धत आहे, आणि लोक, पत्रकार व पक्ष नेमकी तीच वापरतात.

विल्सन आणि गिफर्ड्स

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन राष्ट्रसंघाच्या कल्पनेसाठी देशभर प्रचाराचा दौरा करत असताना सप्टेंबर १९१९ मध्ये कोलोरॅडोतील प्वेब्लो येथील भाषणानंतर कोसळले आणि २ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. त्यांची शरीराची डावी बाजू लुळी पडली, म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात होती. बहुतेक माणसांत भाषेचे काम डावा अर्धा भाग पाहतो, त्यामुळे विल्सन बोलू शकत होते. पत्नी ईडिथ विल्सन आणि डॉक्टर कॅरी ग्रेसन यांनी आजाराचे खरे स्वरूप देशापासून लपवून ठेवले. डिसेंबरमध्ये दोन सिनेटर त्यांना भेटायला गेले, तेव्हा विल्सन अंथरुणातूनच पण नीट बोलले आणि अध्यक्षांचे डोके ठिकाणावर आहे, अशी बातमी बाहेर आली.

प्रत्यक्षात चित्र वेगळे होते. एप्रिल १९२० पर्यंत त्यांनी मंत्रिमंडळाची एकही बैठक घेतली नाही, आणि दरम्यान परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी बैठका बोलावल्या म्हणून त्यांचा राजीनामा मागून घेतला. व्हर्सायच्या तहाला सिनेटची मंजुरी मिळवायची तर काही अटी मान्य करणे भाग होते, पण विल्सन यांनी तडजोड नाकारली आणि तह नोव्हेंबर १९१९ मध्ये व पुन्हा मार्च १९२० मध्ये फेटाळला गेला. एवढे होऊनही १९२० च्या निवडणुकीत आपल्याला तिसऱ्यांदा उमेदवारी मिळेल, अशी आशा ते बाळगून होते. विल्सन मुळातच हट्टी होते, त्यामुळे तहाच्या अपयशात आजाराचा वाटा किती याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ते रास्त आहेत. मेंदूची इजा पुष्कळदा नवा स्वभाव देत नाही, जुन्याच स्वभावाला असलेला लगाम काढून घेते. परंतु अर्धे शरीर लुळे पडलेल्या माणसाने आणखी चार वर्षे देशाचा कारभार पाहण्याचा बेत करावा, हे हट्टापलीकडचे वाटते.

या लक्षणाला वैद्यकशास्त्रात नाव आहे. फ्रान्समधील मेंदूविकारतज्ज्ञ जोझेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये ॲनोसोग्नोसिया असा शब्द योजला. आपल्याला झालेल्या आजाराची जाणीवच नसणे, असा त्याचा अर्थ. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा होऊन डावी बाजू लुळी पडलेल्या रुग्णांत हा प्रकार विशेष दिसतो. असा रुग्ण खोटे बोलत नसतो आणि धीराचा आवही आणत नसतो. स्वतःच्या अवस्थेवर लक्ष ठेवणारी मेंदूतील यंत्रणाच बिघडलेली असल्यामुळे त्याला आपण खरोखर ठणठणीत आहोत असे वाटते. त्याचा सौम्य प्रकार, म्हणजे आपल्यातील बदल आहे त्यापेक्षा कमी समजणे, अपघातातील ललाट खंडाच्या इजेनंतर फार सर्रास आढळतो. ‘मी पूर्ण बरा आहे’ हे नेत्याचे विधान या अवस्थेत पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते, मग ते कितीही प्रामाणिकपणे केलेले असो.

गिफर्ड्स यांचे प्रकरण याच्या अगदी उलट आहे. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे मतदारांना भेटत असताना त्यांच्या डोक्यात गोळी झाडण्यात आली. त्या हल्ल्यात सहा जण ठार झाले. गोळी मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून गेली, त्यामुळे उजवा हात आणि पाय कमजोर झाले आणि वाचाघात झाला. वाचाघातात माणसाला काय म्हणायचे आहे ते मनात स्पष्ट असते, पण शब्द सापडत नाही किंवा जुळत नाही. उपचारांत त्यांना गाण्याची मदत झाली, कारण चालीत गुंफलेले शब्द म्हणताना मेंदूचा उजवा भागही कामाला लागतो. १ ऑगस्ट २०११ रोजी त्या प्रतिनिधिगृहात मतदानासाठी आल्या तेव्हा सभागृहाने उभे राहून त्यांचे स्वागत केले. लोकांची सहानुभूती पाहता त्या पद धरून राहू शकल्या असत्या. तरीही आपल्याला अजून बरे होण्यावर लक्ष द्यायचे आहे, असे सांगून त्यांनी जानेवारी २०१२ मध्ये राजीनामा दिला आणि पुढे बंदुकीच्या हिंसाचाराविरुद्ध चळवळ उभी केली.

ज्याला बोलता येत होते त्याला आपली अवस्था कळली नाही, आणि जिला चार शब्द जुळवणे कठीण जात होते तिने आपल्या अवस्थेचे अचूक मोजमाप केले. राजकारण्याच्या परतीविषयी जे काही ठरवायचे ते या दोन माणसांना शेजारी ठेवून ठरवावे, इतके ते बोलके आहे.

जे परतले

दक्षिण डकोटाचे सिनेटर टिम जॉन्सन यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्यातून १३ डिसेंबर २००६ रोजी रक्तस्राव झाला. सिनेटमध्ये त्यांच्या बाजूचे बहुमत ५१ विरुद्ध ४९ एवढेच होते, त्यामुळे त्यांच्या खुर्चीवर सगळ्या देशाचे लक्ष होते. ते पावणेनऊ महिन्यांनी, ५ सप्टेंबर २००७ रोजी सभागृहात परतले. बोलणे संथ झाले होते, उजवी बाजू अशक्त होती आणि हे त्यांनी लपवले नाही. २००८ मध्ये मतदारांनी त्यांना मोठ्या फरकाने पुन्हा निवडून दिले आणि पुढे सिनेटच्या बँकिंगविषयक समितीचे अध्यक्षपद सांभाळून ते जानेवारी २०१५ मध्ये निवृत्त झाले. संथ बोलणे म्हणजे संथ विचार नव्हे, हे परतल्यानंतरच्या सात वर्षांहून अधिक काळाच्या कामातून त्यांनी सिद्ध केले.

पेन्सिल्व्हेनियाचे जॉन फेटरमन यांना मे २०२२ मध्ये, सिनेटची निवडणूक लढवत असतानाच पक्षाघात झाला. त्यांचा दोष ऐकलेल्या शब्दांचा अर्थ चटकन लावण्याचा होता, लिहिलेले मात्र समजत होते. ऑक्टोबरमधील वादविवादात त्यांनी समोर उमटणारी अक्षरे वाचून उत्तरे दिली, बोलताना ते अडखळले आणि त्यावर चहूकडून टीका झाली. तरी ते निवडून आले आणि सिनेटमधील त्यांच्या जागेवरही अक्षरे दाखवणारा पडदा बसवण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते तीव्र नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झाले आणि एप्रिलमध्ये कामावर परतले. पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते, पण त्याची तपासणी शरीराच्या तपासणीइतक्या तत्परतेने होत नाही. फेटरमन यांनी ते उघड केले, हे त्यांचे धैर्य मानले पाहिजे.

वेळ हा येथे सर्वांत निर्णायक घटक आहे. मेंदूची मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही, परंतु उरलेल्या पेशी नवे जोड तयार करून काही कामे आपल्याकडे घेतात. ही सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, नंतर मंदावते, तरी वर्ष-दोन वर्षे आणि काहींत त्यानंतरही चालू राहते. आल्टहाउस चार महिन्यांच्या आत परतले, जॉन्सन पावणेनऊ महिन्यांनी, आणि गिफर्ड्स यांनी आपला निर्णय वर्षभर वाट पाहून घेतला. निवडणुकीचे वेळापत्रक मात्र मेंदूसाठी थांबत नाही, आणि घाई तिथूनच येते.

भोवतालची माणसे आणि कायदा

पोर्तुगालचे हुकूमशहा आंतोनियो सालाझार ऑगस्ट १९६८ मध्ये खुर्चीवरून पडले, मेंदूभोवती रक्त साचले, शस्त्रक्रिया झाली आणि प्रकृती ढासळल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी मार्सेलो कायतानो यांची नेमणूक झाली. सालाझार यांना हे सांगण्याचे धाडस कोणी केले नाही. जुलै १९७० मध्ये मृत्यू होईपर्यंत ते आपणच पंतप्रधान आहोत या समजुतीत होते, आणि भोवतालची माणसे ती समजूत जपत होती. त्यांच्याकडे सत्ता उरलेली नव्हती, म्हणून देशाचे नुकसान झाले नाही. विल्सन यांच्याकडे ती होती.

भारतात तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांना १९८४ च्या उत्तरार्धात मूत्रपिंडाचा विकार आणि पक्षाघात झाला. त्यांना न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे उपचारांसाठी नेले, तिथली त्यांची चित्रे मतदारांना दाखवली गेली आणि डिसेंबरमधील निवडणूक त्यांनी एकही सभा न घेता जिंकली. फेब्रुवारी १९८५ मध्ये ते परतले आणि डिसेंबर १९८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. १९६७ मध्ये मानेत लागलेल्या गोळीने आधीच बाधित झालेले त्यांचे बोलणे आता फारच अस्पष्ट झाले होते. ते शपथ घेण्यास समर्थ आहेत का, एवढ्याच प्रश्नाभोवती राजकारण फिरत राहिले. रोजचे निर्णय ते कितपत स्वतः घेऊ शकतील, हे तपासण्याची कोणतीही सोय तेव्हा नव्हती.

ती आजही नाही. राज्यघटनेच्या कलम ६५ नुसार राष्ट्रपती आजारी असतील तर उपराष्ट्रपती काम पाहतात, पण पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांच्यासाठी तशी तरतूद नाही. कलम १०१ नुसार खासदार परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी जाहीर करू शकते. कलम १०२ नुसार मन विकल असल्याचे सक्षम न्यायालयाने जाहीर केले तर सदस्यत्व जाते. कलम १९० आणि १९१ मध्ये विधिमंडळांसाठी अशाच तरतुदी आहेत. दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६ च्या अनुसूचीत वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या भाषादोषाची दिव्यांगत्व म्हणून नोंद आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र दिसणारे दिव्यांगत्व आणि न्यायालयाने जाहीर करावी अशी मनोविकलता यांच्या मधला, म्हणजे ज्या प्रदेशात मेंदूच्या इजेतून उठलेले बहुतेक रुग्ण असतात तो संपूर्ण प्रदेश, कायद्याने मोकळाच सोडला आहे.

इतर देशांनी अनुभवातून काही शिकून ठेवले. अमेरिकेने १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती करून अध्यक्ष स्वतः असमर्थता मान्य करत नसतील तर उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचे बहुमत ती जाहीर करू शकतील, अशी सोय केली, पण तिचा हा भाग आजवर वापरला गेलेला नाही. इस्रायलच्या मूलभूत कायद्यात पंतप्रधान सलग शंभर दिवस काम करू शकले नाहीत तर पद रिक्त मानले जाते. एरियल शारोन यांना ४ जानेवारी २००६ रोजी मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आणि १४ एप्रिलला त्यांचे पंतप्रधानपद कायद्याने संपले. ही तरतूद कोमातील माणसाला लागू पडते. चालत्याबोलत्या पण निर्णयशक्ती बाधित झालेल्या नेत्याला ती लागू पडत नाही, आणि मंत्रिमंडळातील सहकारी, ज्यांचे भवितव्य त्याच नेत्यावर अवलंबून असते, ते त्याच्याविरुद्ध उभे राहतील याची शक्यताही कमीच.

म्हणून परतीचा निर्णय रुग्णावर, त्याच्या कुटुंबावर किंवा पक्षावर न सोपवता स्वतंत्र तज्ज्ञांच्या तपासणीवर आधारावा, आणि ती तपासणी शांत खोलीतील प्रश्नोत्तरांपुरती न ठेवता प्रत्यक्ष कामासारख्या परिस्थितीत, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आणि काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा व्हावी, असे मेंदूविज्ञानाच्या ज्ञानावरून म्हणता येते. तिच्या जोडीला रुग्णाचे वागणे पूर्वीसारखे आहे का, हे त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केलेल्या आणि त्याच्याकडून काही मिळण्याची अपेक्षा नसलेल्या माणसाला विचारले पाहिजे, कारण असे बदल चाचणीच्या आधी सहवासातल्या माणसाला कळतात. परतल्यावरही पहिले काही महिने कामाचे तास कमी ठेवणे, दुपारनंतर मोठे निर्णय न घेणे, महत्त्वाच्या सहीआधी दुसऱ्याचे मत घेण्याची सक्ती स्वतःवर घालून घेणे, या उपायांनी कित्येक डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक आपापल्या कामावर परतले आहेत. रुग्णालयाच्या पत्रकात नाडी, रक्तदाब आणि प्रकृती स्थिर असल्याचे वाक्य नेहमी असते. विस्मृतीचा काळ किती दिवसांचा होता, लक्ष किती वेळ टिकते आणि रुग्णाला स्वतःच्या उणिवा सांगता येतात का, या तीन गोष्टी, रुग्णाची संमती घेऊन, त्याच पत्रकात आल्या तर मतदाराला चार वाक्यांच्या भाषणापेक्षा कितीतरी अधिक कळेल.